कॅम्पातल्या जुन्या बंगल्यात उतरताना

पुणे कॅम्पात जुन्या बंगल्याचं छोटं हॉटेल झालेलं असेल, तर बुकिंग ॲपवरून न करता आधी फोन करा. अशा वास्तूत एक खोली दुसरीसारखी नसते. फोटोत दिसते तीच मिळेल याची खात्री नाही. रस्त्याकडची खोली दिसायला झकास, पण रिक्षांचे हॉर्न पहाटेपासून. मी मागच्या अंगणाकडची मागतो.

लिफ्ट बहुधा नसतेच आणि लाकडी जिना उभा असतो. आईचे गुडघे दुखत असतील तर तळमजल्याचीच खोली पक्की करा. एकदा मी हे विचारायला विसरलो आणि तिला तीन दिवस जिना चढवला. अजून ऐकवते! गीझर आणि रात्री फाटक किती वाजता बंद होतं, हेही विचारून घ्या. भिंती जाड असतील तर खोलीत मोबाइलची रेंज गडबडते. वायफाय खोलीपर्यंत पोचतं का, तेही विचारा.

गाडी मात्र नकोच. स्टेशनपासून कॅम्प रिक्षाने जवळ, आणि पुढे पायीच फिरायचं: 1867 साली पूर्ण झालेलं लाल देऊळ (म्हणजे ज्यूंचं सिनेगॉग), 1825 चं सेंट मेरीज चर्च, मग ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी. श्रूजबरी बिस्किटं हवी असतील तर सकाळीच जा. दुपारी दुकान बंद असतं, पुणंच आहे ते.