एक ‘ओ’ की दोन?

आमच्या रस्त्यावरच्या जिमबाहेर मोठा फलक आहे: ‘लूस वेट’ (loose weight). म्हणायचंय, वजन कमी करा (lose weight). त्यातल्या ‘लूस’मध्ये दोन ‘ओ’ घातलेत, म्हणजे ते ‘सैल वजन’ झालं! रोज जाता-येता खटकतं. हीच चूक नोकरीच्या अर्जात, ऑफिसच्या मेलमध्येही दिसते तेव्हा खरंच वाईट वाटतं.

आपली गफलत उच्चारापासून सुरू होते. मराठीत आपण ‘शर्ट लूज होतोय’, ‘लूज मोशन’ असं सर्रास म्हणतो. इंग्रजीत मात्र सैल या अर्थाच्या शब्दाच्या उच्चाराचा शेवट ‘स’ने होतो: लूस (loose), आणि त्यात दोन ‘ओ’. गमावणे, हरणे, कमी करणे या अर्थाचा शब्द ‘लूझ’ (lose), त्यात एकच ‘ओ’. त्यात तसाच उच्चार असलेल्या ‘चूझ’ला (choose, म्हणजे निवडणे) दोन ‘ओ’ असल्याने गोंधळ आणखी वाढतो.

लिहिताना अडलात तर ‘लूझ’चा भूतकाळ आठवा: ‘लॉस्ट’ (lost). नाम आठवा: ‘लॉस’ (loss). दोन्हींत एकच ‘ओ’ आहे ना? मग ‘लूझ’मध्येही एकच. मॅच हरली, वजन घटलं, किल्ली हरवली, सगळीकडे एक ‘ओ’. स्क्रू ढिला झाला, कपडे सैल झाले, तिथे दोन.

स्पेलचेकच्या भरवशावर राहू नका. दोन्ही शब्द खरेच असल्यामुळे बऱ्याचदा लाल रेघ येतच नाही. मेल पाठवण्याआधी एवढा एक शब्द स्वतःच्या डोळ्यांनी तपासा.