प्रोस्टेट कॅन्सर झालेला घरातला माणूस गप्प झालाय? या चुका टाळा

मिरजेत कॅन्सरच्या ओपीडीबाहेर थोडा वेळ बसलात तर एक गोष्ट लगेच दिसते, बोलत असते ती बायको नाहीतर पोरगा, आणि ज्याला आजार आहे तो मांडीवर फाईल धरून गप्प बसलेला. डॉक्टरांनी विचारलं की "काय नाय, बरं हाय". पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) किती आला ते तोंडपाठ असतं पण रात्री झोप नाही, कशात मन लागत नाही हे तोंडातून निघत नाही. आमच्या तात्यांच्या, म्हणजे थोरल्या चुलत्यांच्या आजारपणात हे जवळून बघितलं आणि नंतर तासगाव, विटा, पलूसकडच्या ओळखीच्या घरांतही त्याच त्याच चुका दिसल्या म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भेटायला आलेला प्रत्येक माणूस "वाघासारखा गडी तू, खंबीर राहा" म्हणून जातो. हेतू चांगलाच असतो, पण एकदा वाघ ठरवल्यावर त्या माणसाने भीती वाटते हे सांगायचं कुणाला? मनाची ताकद म्हणजे सगळं आत दाबून ठेवणं नव्हे. जे यातून बऱ्यापैकी सावरतात त्यांच्याकडे मन मोकळं करायला एखादं माणूस असतं, रोजचं काहीतरी काम हातात असतं आणि मदत मागायला ते लाजत नाहीत. ही ताकद जन्मजात असते किंवा नसते असं नाही, आजारपणातही ती वाढवता येते.

दुसरी चूक, रडतोय का याची वाट बघत बसणं. पुरुषांचं डिप्रेशन बऱ्याचदा रागातून बाहेर पडतं. चहा गार झाला म्हणून तात्यांनी कप आपटला, काकू दचकल्या, आणि घरात सगळे म्हणाले आजारानं स्वभाव चिडका झालाय. पण त्याच महिन्यात ऑक्टोबर छाटणी सुरू होऊनही हा माणूस द्राक्षबागेकडे फिरकला नव्हता, जो एरवी मजुरांच्या आधी बागेत हजर असायचा. खरी खूण ती होती. चिडचिड, एकटं बसणं, दारू वाढणं, आवडीचं काम सोडून देणं, हे दोन आठवडे सलग दिसलं तर डॉक्टरांना सांगायचंच.

आता इंजेक्शनचं, कारण हे घरच्यांना कुणी नीट सांगतच नाही. प्रोस्टेट कॅन्सर पुरुषी हार्मोनवर, टेस्टोस्टेरॉनवर वाढतो. ते कमी केलं की आजार आटोक्यात येतो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि १९६६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आजही महिन्याला किंवा तीन महिन्यांनी जे हार्मोनचं इंजेक्शन देतात किंवा अंडकोष काढायचं ऑपरेशन करतात ते याचसाठी. पण टेस्टोस्टेरॉन खाली गेलं की अंगातून गरम वाफा येतात, रात्री घामानं झोप मोडते, पोट सुटतं, दंडातली ताकद जाते, शरीरसंबंधाची इच्छा उरत नाही आणि मनही खचू शकतं. म्हणजे माणूस आळशी झालेला नसतो, औषधाचा परिणाम असतो तो. म्हणून स्वतःच्या मनानं इंजेक्शन मात्र बंद करू नका, काहींना मध्ये गॅप देता येतो पण ते डॉक्टरच ठरवणार. थकवा जास्त असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी १२ तपासून घ्या आणि रोज चालणं, झेपेल तेवढा ताकदीचा व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करा, थकव्यावर त्याचा खरंच उपयोग होतो.

प्रोस्टेट काढायच्या ऑपरेशननंतर लघवी गळते त्याची लाज ही वेगळीच. भजन बंद, लग्नकार्य बंद, एसटीत बसायचं बंद, आणि घरचे म्हणतात आता ह्यांना माणसंच नको झालीत. मेडिकलमधून पॅड घरच्या कुणीतरी गाजावाजा न करता आणून ठेवावेत. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, बहुतेकांचं गळणं काही महिन्यांत ते वर्षभरात बरंच कमी होतं. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल तर पोरासमोर कुणीच बोलणार नाही, म्हणून त्या दोघांना डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटं बोलू द्या, पोरांनी बाहेर थांबा.

"त्यांना कॅन्सर म्हणून सांगू नका" हे पण टाळा. ओपीडीत शेजारी बसलेल्या पेशंटकडून त्यांना कळतंच, आणि मग घरच्यांवरचा विश्वास जातो. पीएसएचा रिपोर्ट यायच्या आधीचे दिवस वाईट जातात, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलं म्हणजे वेड लागलं असं नाही हो. पीएचक्यू-९ नावाची ९ प्रश्नांची साधी यादी असते, मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, २७ पैकी १० किंवा जास्त मार्क आले तर डॉक्टरांना दाखवायचं. डिप्रेशनच्या गोळ्यांना लागू पडायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं तरी अचानक बंद करू नका. कॅन्सरची कुठली औषधं चालू आहेत ती चिठ्ठी सोबत न्या कारण काही औषधं एकमेकांशी जुळत नाहीत.

आणि "माझ्यावर पैसा घालवू नका, मी नसलो तरी चालेल" असं बोलणं निघालं तर हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतोय का. विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. बागायतीच्या घरात फवारणीची औषधं असतातच, ती कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाईन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. जीव द्यायचा विचार येतो, हो म्हणाले तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या, रात्र असली तरी.