श्लेष्मबुरशीची चाल आणि तिचे खाणे कसे पाहावे

फायसारम पॉलिसेफॅलम ही पिवळी श्लेष्मबुरशी नावापुरतीच बुरशी आहे. तळहाताएवढी पसरली तरी ती असंख्य केंद्रके असलेली एकच पेशी असते. त्यामुळे अमीबाची जी हालचाल पाहायला चांगला सूक्ष्मदर्शक लागतो, तिचेच मोठे रूप येथे कमी ताकदीच्या भिंगाखालीही दिसते.

पाण्यात सुमारे 2 टक्के अगर (समुद्री शैवालापासून मिळणारा, जेलीसारखा थिजणारा पदार्थ) उकळून पेट्री डिशमध्ये, म्हणजे झाकण असलेल्या उथळ पारदर्शक बशीत ओतावे. त्यात साखर घालू नये, कारण तिच्यावर जिवाणू आणि खरी बुरशी आधी माजतात; मीठही नको, त्यापासून हा जीव दूर सरकतो. अगर थिजल्यावर गाळणकागदावर वाळवलेल्या श्लेष्मबुरशीचा तुकडा मधोमध ठेवून पाण्याचे एकदोन थेंब सोडावेत, थोड्या अंतरावर ओटचा एक दाणा ठेवावा आणि डिश झाकून अंधारात ठेवावी. पिवळी कड कागदाबाहेर आली की निरीक्षण सुरू करावे.

नवखे लोक पसरणाऱ्या कडेकडेच पाहत बसतात. खरी गंमत मागच्या जाड शिरांमध्ये असते. खालून मंद प्रकाश देऊन एकच शीर पाहावी. आतले कण एका दिशेने धावतात, मंदावतात, क्षणभर थबकतात आणि उलटे वाहू लागतात. दिशा साधारण मिनिटाभराने पालटते, म्हणून हाताशी घड्याळ ठेवून प्रत्येक पालटाची वेळ टिपावी. शिरेच्या भिंतीतील ॲक्टिन आणि मायोसिन ही प्रथिने आकुंचन पावून हा द्रव ढकलतात, आणि पुढे जाणारा द्रव परतणाऱ्यापेक्षा थोडा अधिक असल्याने अख्खी पेशी सरकते. डिशच्या तळावर बाहेरून दर अर्ध्या तासाने पेनाने कडेची खूण करावी. तासाला सेंटीमीटरभर अंतर सहज दिसते.

दाणा सापडला की ती त्याला पूर्ण वेढते, पाचक रस सोडते आणि अन्नाचे कण आत ओढून घेते. आतड्यात राहणारा परजीवी एन्टामीबा हिस्टोलिटिकाही असाच छद्मपाद (पेशीचा पायासारखा तात्पुरता फुगवटा) पुढे काढतो, मात्र तो जिवंत पेशींचे लचके तोडतो.

सोडलेल्या वाटेवर पारदर्शक चिकट थर राहतो आणि शक्यतो ती त्यावरून पुन्हा जात नाही. म्हणून दुसरा दाणा नेहमी कोऱ्या अगरवरच ठेवावा. करडी केसाळ बुरशी दिसलीच, तर डिश धुण्याच्या भानगडीत न पडता पुढच्या कडेचा स्वच्छ तुकडा अगरसह कापून नव्या डिशमध्ये हलवावा.