चुकलेली स्नॅपची मुलाखत पुन्हा कशी मिळवली

नोकरी गेल्यावर इथे अमेरिकेत स्नॅपसाठी, म्हणजे सरकारी अन्नमदतीसाठी अर्ज केला. मुलाखतीचा फोन आला तेव्हा अनोळखी नंबर म्हणून मी उचललाच नाही. चार दिवसांनी पत्र: मुलाखत चुकली, नवी वेळ तुम्हीच मागा. पोटात गोळा आला. पण अर्जाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत मागितली, तर दुसरी वेळ द्यावीच लागते. माझा एकविसावा दिवस होता.

लगेच फोन लावला. पाऊण तास नुसतं संगीत. केस नंबर पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर ठेवला होता. नवी तारीख मिळाली, आईसाठी दुभाषाही फुकट मिळाला. मदत मंजूर झाली ती अर्जाच्या तारखेपासूनच. घाबरून नवा अर्ज भरला असता, तर ते दिवस हातचे गेले असते.