गाडी मिसिंग मारतेय? नवी कॉइल घेण्याआधी जुनीची जागा बदलून बघा

हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवून इंजिन चालू करा आणि मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब तळहात धरा. चारही सिलिंडर नीट पेटत असतील तर हवेचा झोत एकसारखा लागतो. एखादं सुटत असेल तर ठरावीक अंतराने पोकळ ठोका येतो: फट, फट, फट, फुस्स. गॅरेजात आम्ही यालाच मिसिंग म्हणतो. इतकी वर्षं हे काम करतोय, तरी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावण्याआधी मी मागे जाऊन हात धरतोच. मिसिंग कायमचं आहे की अधूनमधून येतंय, ते तिथे लगेच कळतं.

पुढे सांगतोय ते प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाबद्दल. प्लग सिलिंडरमध्ये ठिणगी पाडतो आणि कॉइल त्याला त्यासाठी लागणारं मोठं व्होल्टेज देते.

आधी डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा बघा. तो नुसता लागून राहिला असेल तर गाडी सावकाश घरापर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा डबा) जाऊन तिथे पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. प्लगचं किरकोळ काम मग कन्व्हर्टरवर जातं. हे मी ग्राहकांना पुन्हा पुन्हा सांगतो, कारण ‘चालतेय ना’ म्हणून तशीच दामटलेली गाडी बघून खरंच जीव हळहळतो.

आता स्कॅनर. पी०३०१ म्हणजे पहिलं सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरं, असं पुढे. पी०३०० आला तर मिसिंग एका ठिकाणी टिकत नाहीये. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत चार धक्के मिळायला हवेत. एक चुकला की क्रँकचा वेग किंचित पडतो, आणि तेवढ्यावरून कंप्युटर सिलिंडर ओळखतो. म्हणजे सिलिंडर कुठलं ते कळलं, पण ठिणगी नाही, पेट्रोल नाही की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नाही, हे त्याला ठाऊक नसतं. कोड बघून थेट कॉइल मागवणारे इथेच फसतात.

समजा पी०३०२ आलाय. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, बाकी कशालाही हात लावू नका. कोड पुसा, गाडी फिरवून आणा. पी०३०३ आला तर कॉइल खराब, विषय संपला. कोड दुसऱ्यावरच राहिला तर आता प्लगची अदलाबदल करा. एका वेळी एकच वस्तू हलवायची. घाईत कॉइल आणि प्लग दोन्ही हलवले आणि मिसिंगही सरकलं, तर चोर कोण हे कळत नाही आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

प्लग काढण्याआधी त्या खोल भोकात हवा मारा. तिथली माती सिलिंडरमध्ये पडली तर नवं दुखणं ओढवून घ्याल. निघालेले प्लग सिलिंडरच्या क्रमानेच मांडून ठेवा आणि एकेक उजेडात धरा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर जळण ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळं म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय. एकच प्लग बाकीच्यांपेक्षा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ दिसला तर कूलंट आत जातंय का ते तपासा.

मग टोक सोडा आणि वरच्या पांढऱ्या चिनीमातीवर या. बोटाने पुसून, प्लग हळूहळू फिरवत बघा. बारीक पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी उभी रेघ दिसली तर ठिणगी टोकापर्यंत न जाता बाहेरूनच खाली उतरतेय. सुरुवातीच्या काळात अशाच एका गाडीत मी नुसता प्लग बदलून दिला. थोड्याच दिवसांत ती परत आली, नव्या प्लगवर तीच रेघ घेऊन. कॉइलचं रबरी बूट उलटं करून बॅटरीच्या उजेडात पाहिलं, तर आतल्या भिंतीवरही रेघेची जुळी बहीण बसलेली! रेघ दिसली की प्लग आणि बूट दोन्ही बदला. भोकात ऑइल साचलं असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅसकेट आणि प्लगच्या नळीचे सीलही बदला, नाहीतर ऑइल नवं रबरही फुगवून टाकतं.

प्लगचा गॅप, म्हणजे टोकाशी ठिणगी पडते ती फट, फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजा. बहुतेक गाड्यांत ०.७ ते १.१ मिमी असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातला धरा. गॅप वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून अशी गाडी आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) गुमान चालते आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबला की झटके देते. नवा प्लग आधी हातानेच आट्यात बसवा, अडकला तर जोर लावू नका. शेवटी टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्याइतका कसा.

कॉइल, प्लग दोन्ही ठीक निघाले? मग पेट्रोल फवारणारे इंजेक्टर. चालू इंजिनात लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावा. पट्टा आणि पंख्यापासून बाही, केस लांब ठेवा. टिक-टिक स्पष्ट यायला हवी. एकच मुका असेल तर त्याचा कनेक्टर आणि वायर आधी बघा. चालू इंजिनावर कॉइल उपटून ठिणगी बघायचा जुना प्रकार मात्र करू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात.

मिसिंग आयडललाच येऊन रेस वाढवल्यावर जात असेल तर इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकच्या पाइपांत आणि मॅनिफोल्डच्या गॅसकेटपाशी हवेची गळती शोधा.

हे सगळं ठीक निघालं तर कॉम्प्रेशन गेज. सगळे प्लग काढा, पेट्रोलचा पुरवठा आणि ठिणगी बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा. एखाद्याचा आकडा बाकीच्यांहून बराच खाली आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात; तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. शेजारशेजारची दोन सिलिंडर एकदम पडली असतील तर माझा पहिला संशय हेड गॅसकेटवर. इथून पुढे हेड उघडावं लागतं, ते अनुभवी हातात द्या.

दुरुस्ती झाली की कोड पुसा आणि गाडी गरम होईपर्यंत चालवा. वरच्या गिअरमध्ये चढावर एकदा इंजिनावर नीट लोड येऊ द्या, कारण कच्ची ठिणगी तिथेच उघडी पडते. परत आल्यावर स्कॅनरमध्ये मिसफायरची मोजणी चारही सिलिंडरला शून्यावर आहे का ते बघा, आणि मागे जाऊन पुन्हा एकदा तळहात धरा.