सणाची सजावट घरी करायची, तर वाळायचे दिवस आधी मोजा

घरच्या घरी सजावट आणि भेटवस्तू करायच्या ठरल्या की रंगीत कागद आणि रिबिनी आणायची घाई होते. त्याआधी कॅलेंडर समोर घ्या आणि सणाच्या तारखेपासून उलटे दिवस मोजा. कापणं, चिकटवणं, रंगवणं ही कामं एखाद-दोन संध्याकाळींत उरकतात. खरा वेळ जातो तो वाळण्यात, थिजण्यात आणि मुरण्यात, आणि तिथे आपली घाई चालत नाही. म्हणून ज्याला सर्वांत जास्त दिवस लागतात, ते यादीत सर्वांत वर. शेजारीच कुणाला काय द्यायचं तेही लिहून टाका. माझं ठाम मत आहे की भेटीचे प्रकार दोनच ठेवावेत. हात बसला की पाचवा नग पहिल्यापेक्षा नक्कीच सुबक होतो, आणि सामानही कमी लागतं.

सुवासिक मेणबत्त्या देणार असाल तर त्या तीन आठवडे आधी ओता. सोया मेणात (सोयाबीनच्या तेलापासून केलेल्या मेणात) सुगंध मुरायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मेण थेट आचेवर ठेवायचं नाही. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं आणि जवळून हलायचं नाही. मेणातून धूर येऊ लागला तर लगेच आच बंद. पेट घेतला तर पाणी मुळीच ओतू नका, झाकण घालून ज्वाळा कोंडा. ते झाकण सुरुवातीलाच हाताशी काढून ठेवा. थंड होताना मेण आक्रसतं आणि वातीभोवती खळगा पडतो, म्हणून थोडं मेण दुसऱ्यांदा ओतायला राखून ठेवा.

लटकवायच्या चांदण्या, पानं, पक्षी यांसाठी मिठाच्या कणकेइतकं सोपं आणि टिकाऊ दुसरं काही नाही. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि साधारण एक वाटी पाणी. पाणी एकदम ओतू नका, लागेल तसं घाला आणि दहा मिनिटं चांगलं मळा. नीट न मळलेल्या गोळ्याला कडेला भेगा जातात. पोळी पाच-सहा मिलिमीटर जाड लाटा. आकार कापल्याबरोबर स्ट्रॉने दोऱ्यासाठी भोक पाडा, कारण वाळल्यावर पाडायला गेलं की तुकडा हमखास मोडतो. ओव्हन असेल तर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन-तीन तास. आच वाढवून वेळ वाचवू बघाल तर आकार फुगतील. ओव्हन नसेल तर हवेशीर जागी जाळीवर ठेवा आणि रोज उलटा; चार दिवसांपासून आठवडाभर लागू शकतो. आतून पूर्ण सुकल्याशिवाय रंग नको. रंगानंतर वार्निशचा हात मात्र मागच्या बाजूला आणि भोकाच्या आतही फिरवा. मीठ हवेतला ओलावा ओढतं, आणि जिथे वार्निश नाही तिथून तुकडा मऊ पडायला लागतो. घरात कुत्रा असेल तर हे सगळं उंचावर टांगा, इतकं मीठ पोटात गेलं तर त्याला विषबाधा होऊ शकते.

कागदाचं काम शेवटच्या आठवड्यात घेतलं तरी चालतं, पण कागद आधी निवडा. घड्यांच्या चांदण्यांना ८० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) साधा कागद उत्तम, शुभेच्छापत्राला २०० ते २५० जीएसएमचं कार्ड हवं. जाड कार्ड घडी घालण्याआधी दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. एका दिशेने ते सहज वाकतं; घडी त्याच दिशेने घाला, म्हणजे कडेचे तंतू फाटत नाहीत. घडीच्या रेषेवर पट्टी धरून शाई संपलेल्या पेनाने एकदा दाबून ओढा. एवढ्या एका कृतीने घडी अशी स्वच्छ बसते की कार्ड छापखान्यातून आल्यासारखं दिसतं. कटर आणि ग्लू गन मोठ्यांच्या हातात, मुलांकडे बोथट टोकाची कात्री आणि पांढरा गोंद. गोंद पातळच लावा, जास्त झाला की कागद फुगतो. कागदी कंदिलात ज्योत नको, एलईडीची माळ घाला.

कापडाच्या थैल्या किंवा रुमाल शिवणार असाल तर सुती कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. ते पहिल्या धुण्यात आटतं.

वेष्टनाचा कागद कापण्याआधी खोक्याभोवती सुतळी फिरवून माप घ्या आणि त्यात दोन-तीन सेंटिमीटर जास्त धरा. दोन्ही टोकांना खोक्याच्या उंचीच्या निम्म्याहून थोडा जास्त कागद पुरतो. मेणबत्तीसोबत छोटी चिठ्ठी बांधा: वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापावी, पेटती सोडून जाऊ नये. थैलीसोबत धुण्याची पद्धत लिहा. सण झाल्यावर मिठाच्या चांदण्या मऊ कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या टाका. पुढच्या वर्षी त्या तशाच टांगता येतील.