गावच्या पुस्तकाची बांधणी नव्याने करताना या चुका टाळा

ग्रामदैवताच्या माहात्म्याची पोथी, तालुक्याचा जुना इतिहास किंवा गावच्या वाचनालयाची स्मरणिका पुन्हा छापली जाण्याची शक्यता फारच थोडी असते. म्हणून अशा पुस्तकाची बांधणी आपल्या गावाची आठवण म्हणून नव्याने करून घेताना, ते कपाटात कसे शोभेल यापेक्षा त्यावरचे शिक्के, समासातल्या नोंदी आणि मूळ पाने शाबूत राहतील की नाही, हे आधी पाहावे.

कधीच भरून न येणारी चूक म्हणजे कटाई. शिलाई झाली की तिन्ही कडा यंत्राखाली घालून सरळ करण्याची बाइंडरांची सवय असते. त्यात दर खेपेस काही मिलिमीटर समास जातो आणि त्याबरोबर पणजोबांनी कडेला लिहिलेली तिथी किंवा देणगीदाराचे नावही जाते. काम देताना ‘कटाई नको’ असे चिठ्ठीवर लिहूनच द्यावे. जुने मुखपृष्ठ आणि मलपृष्ठही परत मागावे, कारण छापखान्याचा पत्ता, किंमत आणि त्या काळच्या जाहिराती बहुधा तिथेच असतात.

शिलाईच्या बाबतीत घाई नडते. जुनी पुस्तके बहुधा जुजबंदीची, म्हणजे प्रत्येक फर्म्याच्या (घडी घातलेल्या पानांच्या जुडीच्या) घडीतून दोरा ओवून शिवलेली असतात. घड्या फाटल्या आहेत असे सांगून पाठीची बाजू छाटायची आणि कडेने टोचून शिवायचे, हा सोपा मार्ग बाइंडर सुचवतो; पण असे पुस्तक सपाट उघडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा, तुरटी वापरलेला आम्लयुक्त कागद वापरात आला. तो आता ठिसूळ झालेला असल्यामुळे शिलाईच्या रेषेवरच तुटतो. फाटलेल्या घडीला हातकागदाची पातळ पट्टी खळीने लावून पुन्हा जुजबंदी करणे वेळखाऊ असले, तरी योग्य तेच आहे. पारदर्शक चिकटपट्टी मात्र कुठेही लावू नये, कारण काही वर्षांत ती पिवळी पडते, सुटते आणि कागदावर डाग ठेवून जाते.

खळीचा प्रश्न जरा अवघड आहे. फेव्हिकॉल वाळल्यावर सहज सुटत नाही आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी पाठीबरोबर कागदही ओढून काढतो. मैद्याची खळ पाण्याने सुटते. पण तिला कसर लागते म्हणून तिच्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालण्याची पद्धत आहे आणि त्यातले तांबे कागदाचा ऱ्हास वाढवते. माझ्या मते खळ ताजी व पातळ वापरावी, मोरचूद टाळावा आणि कोकणात किंवा गोव्यात हे काम पावसाळ्यात काढूच नये. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी. पाठीवर जुना सरस (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचा गोंद) कडक झाला असेल, तर तो कोरडा खरवडू नये. त्यावर दाट खळीचा थर देऊन सरस मऊ पडू द्यावा आणि मग बोथट पट्टीने हलकेच काढावा.

आठवणीखातर आजीच्या खणाचे वेष्टण घालण्याची हौस अनेकांना असते, आणि ती योग्यच आहे. मात्र खण थेट पुठ्ठ्यावर चिकटवला, तर खळ विणीतून वर येते, काठावर पांढुरके डाग पडतात आणि ते धुऊनही नीट जात नाहीत. आधी कापडाच्या मागे पातळ कागद चिकटवून तो पूर्ण वाळू द्यावा, मगच कापड पुठ्ठ्यावर चढवावे. रंग सुटतो का, हे कोपऱ्यावर ओले फडके दाबून पाहावे.

नवे पुठ्ठे वाकले, तर बहुधा पुठ्ठ्याचा तंतू आडवा गेलेला असतो. पुठ्ठा दोन्ही दिशांनी हलका वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज गोलावतो, ती गोलाई पुस्तकाच्या रुंदीच्या बाजूने यावी, म्हणजे तंतू पाठीला समांतर राहतो. अस्तर, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूचा कागद, चिकटवल्यावर मध्ये कोरे कागद घालून पुस्तक किमान 24 तास वजनाखाली ठेवावे.

सुट्या आडव्या पानांच्या पोथीला मात्र बांधणी करूच नये. तिला शिवण्यासाठी भोके पाडली की पाने उलटण्याची मूळ रीतच मोडते. वर-खाली दोन फळ्या किंवा जाड पुठ्ठे ठेवावेत आणि धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटाच्या बासनात ती गुंडाळावी.